पान किती सरकलं, हे ब्राउझरला कसं विचारायचं

एका दिवाळी अंकाची वेबसाइट करत होतो. एकेक कथा छापील वीस-पंचवीस पानांची. वाचक बराच खाली उतरला की उजव्या कोपऱ्यात 'वर चला' असं बटण दिसावं, आणि माथ्यावर एक बारीक पट्टी किती वाचून झालं ते दाखवत सरकावी, एवढंच काम. माझ्या लॅपटॉपवर सगळं चोख चाललं. संपादकबाईंच्या फोनवर ना बटण, ना पट्टी. मी दोन दिवस ब्राउझरच्या नावाने खडे फोडले. चूक ब्राउझरची नव्हतीच. ती कुठे होती ते पाचव्या पायरीवर सांगतो, कारण आधीच्या चार पायऱ्या चढल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

आधी लिपीबद्दल थोडं. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, मधे जागा न सोडता टाइप करायची. दोन-तीन शब्द जोडून नाव बनलं असेल तर दुसऱ्या शब्दापासून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल; पेजशो, स्क्रोलएंड अशी इव्हेंटची नावं मात्र सगळी लहान अक्षरांत, आणि 'मॅथ'मधला एम कॅपिटल. 'स्क्रोलवाय'मधला वाय कॅपिटल, 'पेजवायऑफसेट'मधले वाय आणि ओ दोन्ही कॅपिटल. कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत; ४०० असं देवनागरीत लिहिलंत तर जावास्क्रिप्ट तिथेच अडून बसेल. गंमत अशी की व्हेरिएबलचं नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवता येतं. त्यामुळे खालच्या ओळींमध्ये 'सरकलं', 'वाट', 'बटण' अशी नावं दिसली तर ती जशीच्या तशी ठेवलीत तरी चालतील.

पायरी १: कन्सोलमध्ये विचारून बघा

कुठलंही लांबलचक पान उघडा, एफ-१२ दाबा, कन्सोलचा टॅब निवडा आणि टाइप करा:

विंडो.स्क्रोलवाय

पान अगदी वर असेल तर उत्तर येईल ०. आता पान थोडं खाली सरकवा, कन्सोलमध्ये वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा आणि एंटर करा. आता ६४० किंवा ८१२.८ असं काहीतरी येईल. जन्मपत्रिकेची जुनी लांब गुंडाळी खिडकीच्या चौकटीमागून वर ओढत न्यावी, तसं पान असतं. चौकटीच्या वरच्या कडेपलीकडे किती कागद निघून गेला, ते हा आकडा सांगतो. आडव्या सरकण्यासाठी तसाच स्क्रोलएक्स आहे.

दोन गोष्टी इथेच लक्षात घ्या. हे पिक्सेल सीएसएसचे (पानाची मांडणी-सजावट सांगणाऱ्या भाषेचे) असतात, फोनच्या पडद्यावरचे खरे ठिपके नव्हेत. आणि आकडा अपूर्णांकात येऊ शकतो. विंडोजवर डिस्प्ले १२५ टक्क्यांवर ठेवलेला असला की तो हमखास तसा येतो. त्याचा त्रास सहाव्या पायरीवर होणार आहे.

क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, सगळीकडे आज ही एक ओळ चालते. मग नेटवर सापडणाऱ्या उत्तरांमध्ये लोक तीन-तीन मजली कोड का चिकटवतात?

पायरी २: जुना कोड ओळखायला शिका

कारण तो एकेकाळी खरंच लागायचा. नव्या माणसाला जुन्या प्रकल्पात हात घालावाच लागतो, म्हणून त्याची वंशावळ माहीत असलेली बरी.

१९९७ च्या नेटस्केप नेव्हिगेटर ४ मध्ये हा आकडा विंडो.पेजवायऑफसेट या नावाने मिळायचा. त्याच काळातल्या इंटरनेट एक्सप्लोररने हे नाव घेतलं नाही; तिथे डॉक्युमेंट.बॉडी.स्क्रोलटॉप विचारावं लागे. २००१ साली एक्सप्लोरर ६ आला. पानाच्या माथ्यावर योग्य डॉकटाइप (पान कुठल्या नियमाने वाचायचं ते ब्राउझरला सांगणारी फाइलची पहिली ओळ) असेल तर त्याने हिशोब बॉडीकडून काढून वरच्या एचटीएमएल टॅगकडे दिला, म्हणजे डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट.स्क्रोलटॉप. डॉकटाइप नसेल तर जुनाच कारभार. पेजवायऑफसेट एक्सप्लोररमध्ये आला तो थेट नवव्या आवृत्तीत, २०११ साली. स्क्रोलवाय तर त्यात शेवटपर्यंत आलाच नाही.

दुसऱ्या बाजूला सफारी आणि क्रोम. ते पेजवायऑफसेट पहिल्यापासून द्यायचे, पण स्क्रोलटॉप विचारला तर डॉकटाइप नीट असूनही उत्तर बॉडीकडून यायचं आणि एचटीएमएल टॅग शून्य म्हणायचा. फायरफॉक्स नेमका उलटा. क्रोमने ही सवय २०१७ साली, ६१ व्या आवृत्तीत सोडली. तुम्ही जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीमध्ये 'एचटीएमएल, बॉडी' अशी जोडी एकदम पकडून पान वर नेणारी ओळ पाहिली असेल. ती जोडी कशासाठी, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एक टॅग फायरफॉक्ससाठी, दुसरा क्रोम-सफारीसाठी. जो लागू पडेल तो हलेल, इतका साधा व्यवहार.

या सगळ्यांची मोट बांधणारी ओळ अशी असायची:

विंडो.पेजवायऑफसेट || डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट.स्क्रोलटॉप || डॉक्युमेंट.बॉडी.स्क्रोलटॉप || ०

दोन उभ्या रेघांचा अर्थ 'नाहीतर'. मेख अशी की जावास्क्रिप्टच्या लेखी शून्य हेही 'नाही'च. पान अगदी वर असलं की पहिलं उत्तर शून्य येतं, ते खरं असूनही ब्राउझर पुढच्या दाराशी जाऊन विचारत बसतो. बहुतेक वेळा तिथेही शून्यच मिळतं म्हणून निभावतं.

मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला निरोप दिला. त्यामुळे नव्या कामात ही ओळ लिहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या कामात ती दिसली तर उगाच उकरूही नका. चालतेय तर राहू दे. पेजवायऑफसेट अजून सगळीकडे जिवंत आहे आणि स्क्रोलवायचंच दुसरं नाव म्हणून काम करतो.

पायरी ३: डॉकटाइप तपासा

ही पायरी अर्ध्या मिनिटाची. कन्सोलमध्ये टाइप करा: डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड. उत्तर 'सीएसएस१कॉम्पॅट' आलं तर पान नियमाने चाललंय. 'बॅककॉम्पॅट' आलं तर ब्राउझर तुमचं पान गेल्या शतकातलं समजतोय. फाइलच्या पहिल्या ओळीवर डॉकटाइप नाही, किंवा जुन्या पद्धतीचा, अर्धवट आहे. पहिली ओळ दुरुस्त करा आणि मगच पुढे या. स्क्रोलवाय दोन्हीकडे नीट उत्तर देतो, पण स्क्रोलटॉप आणि उंचीचे हिशोब बॅककॉम्पॅटमध्ये बॉडीच्या खात्यावर जातात आणि पुढच्या पायऱ्यांची गणितं चुकतात.

स्क्रोलचं खातं कुठल्या टॅगकडे आहे हे थेट विचारायचं असेल तर डॉक्युमेंट.स्क्रोलिंगएलिमेंट आहे. क्रोममध्ये तो २०१५ पासून, फायरफॉक्समध्ये २०१६ पासून. नियमाने चाललेल्या पानात तो एचटीएमएल टॅग हातात देतो. सहाव्या पायरीवर तोच वापरू.

पायरी ४: सरकल्याचा कानोसा घ्या

एकदा विचारून भागत नाही. पान हलेल तसं कळायला हवं. त्यासाठी स्क्रोल नावाचा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची हाक, आणि ती ऐकणारा लिसनर:

कॉन्स्ट बटण = डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर('.वर-चला');

फंक्शन तपासा() {
  कॉन्स्ट सरकलं = विंडो.स्क्रोलवाय;
  बटण.क्लासलिस्ट.टॉगल('दिसू-दे', सरकलं > ४००);
}

विंडो.अ‍ॅडइव्हेंटलिसनर('स्क्रोल', तपासा);
तपासा();

शेवटची एकटी 'तपासा()' नवशिके हटकून विसरतात. वाचकाने पानाच्या मध्यावर असताना रिफ्रेश केलं तर ब्राउझर त्याला पुन्हा मध्यावरच आणून सोडतो. तिथे पोचल्यावर स्क्रोलचा इव्हेंट तुमचा लिसनर बसण्याआधीच येऊन गेला असेल, तर पुढचा धक्का बसेपर्यंत बटण दिसत नाही. म्हणून सुरुवातीला आपणच एकदा विचारून घ्यायचं. 'मागे' बटण दाबून परत आलेल्या वाचकासाठी पेजशो या इव्हेंटवरही तपासा लावून ठेवा.

या फंक्शनमध्ये जड काम करू नका. २०११ च्या जानेवारीत ट्विटरचं पान सरकवताना अडखळू लागलं होतं. जेक्वेरीचा कर्ता जॉन रेसिग याने त्यावर लिहिलं: स्क्रोलच्या प्रत्येक इव्हेंटला पानातले टॅग नव्याने शोधण्याचं महाग काम चालू होतं. त्याचा तोडगा असा, की इव्हेंटमध्ये फक्त 'पान हललं' एवढी खूण करून ठेवायची आणि खरं काम दर २५० मिलिसेकंदांनी करायचं. आज ब्राउझर स्क्रोलचा इव्हेंट पडद्याच्या एका फ्रेममागे एकदाच देतात. त्यामुळे त्याला रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेममध्ये (काम पुढच्या फ्रेमवर ढकलणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळून 'वेग वाढवला' म्हणणारे बरेच लोक घातलेल्या कोटावर कोट घालतात. पथ्य मात्र तेच आहे: बटण एकदाच शोधून ठेवायचं (वर तपासाच्या बाहेर शोधलंय ते म्हणूनच), आणि फंक्शनमध्ये आधी सगळं वाचून घ्यायचं, मग सगळं बदलायचं. वाच-बदल-वाच-बदल केलंत तर ब्राउझरला दर वेळी अख्ख्या पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते.

कुणी सांगेल, लिसनरला पॅसिव्ह करा, म्हणजे तो सरकणं अडवणार नाही असं ब्राउझरला आधीच कळवा. ते टच आणि व्हीलसाठी आहे. स्क्रोल इव्हेंट तसाही रद्द करता येत नाही, तेव्हा इथे त्याने काही बिघडत नाही आणि घडतही नाही.

सरकणं थांबल्यावरच काही करायचं असेल तर स्क्रोलएंड हा इव्हेंट २०२३ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोममध्ये आला. जुन्या फोनचा विचार करायचा तर स्क्रोलवर एक सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने वाजणारा गजर) ठेवा, दर इव्हेंटला आधीचा रद्द करून नवा लावा. दीडशे मिलिसेकंद काही हललं नाही की थांबलं असं धरा.

पायरी ५: सरकतंय कोण?

आता संपादकबाईंच्या फोनकडे. त्यांच्याकडे साधा अँड्रॉइड फोन, त्यात क्रोम. माझ्या लॅपटॉपवरही क्रोमच. फोन केबलने लॅपटॉपला जोडला, लॅपटॉपच्या क्रोममधून फोनवरच्या पानाचा कन्सोल उघडला आणि विंडो.स्क्रोलवाय विचारला. शून्य. बाईंनी कथा अर्ध्यापर्यंत सरकवली. शून्य. शेवटापर्यंत नेली, खाली लेखकाचा परिचय दिसतोय, आणि कन्सोल म्हणतोय शून्य. "अहो, हे तर सरकतंय की," बाई म्हणाल्या. सरकत होतंच. पण विंडो सरकत नव्हती.

अशा वेळी चोर पकडायची एक ओळ आहे. ती वहीत लिहून ठेवा:

डॉक्युमेंट.अ‍ॅडइव्हेंटलिसनर('स्क्रोल', घटना => कन्सोल.लॉग(घटना.टार्गेट), ट्रू);

शेवटचा 'ट्रू' महत्त्वाचा. पानाच्या आतला एखादा डिव्ह सरकला तर त्याचा स्क्रोल इव्हेंट वर चढत नाही, त्यामुळे विंडोवर कान लावून बसलेल्याला तो ऐकूच येत नाही. ट्रू दिलं की इव्हेंट वरून खाली उतरतानाच पकडला जातो. कन्सोलमध्ये डॉक्युमेंट छापलं गेलं तर विंडो सरकतेय. दुसरं काही छापलं गेलं तर तोच तुमचा माणूस.

माझ्याकडे छापलं गेलं: बॉडी.

महिनाभरापूर्वी फोनवर पान डावी-उजवीकडे डुलत होतं म्हणून कुठूनतरी एक उपाय उचलून मी सीएसएसमध्ये चिकटवला होता. एचटीएमएल आणि बॉडी, दोघांना हाइट १०० टक्के आणि ओव्हरफ्लो-एक्स हिडन. तोही फक्त ६०० पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यांसाठीच्या मीडिया क्वेरीत. म्हणूनच लॅपटॉपवर त्याचा मागमूस नव्हता. एका दिशेला हिडन म्हटलं की दुसऱ्या दिशेचा ओव्हरफ्लो आपोआप ऑटो होतो. एचटीएमएल टॅगवरचा नियम ब्राउझर विंडोला लावतो. बॉडीवरचा मग बॉडीकडेच उरतो. उंची पडद्याएवढी बांधलेली, आत कथा पंचवीस पानांची, तेव्हा बॉडी स्वतःच्या पोटात सरकायला लागली आणि विंडो जागची हलली नाही. डोळ्याला फरक शून्य.

इलाज दोन. सरकणारा टॅग मुद्दाम तसा केलेला असेल (चॅटच्या पानात किंवा डॅशबोर्डमध्ये मधला डिव्हच सरकतो), तर लिसनर त्या टॅगवर लावायचा आणि विंडो.स्क्रोलवायऐवजी त्या टॅगचा स्क्रोलटॉप वाचायचा. चुकून झालं असेल, माझ्यासारखं, तर मूळ दुखणं शोधायचं. माझं पान डुलायचं ते एका कथेतल्या रुंद चित्रामुळे. चित्राला मॅक्स-विड्थ १०० टक्के दिलं, त्या उसन्या ओळी काढून टाकल्या, आणि बटण-पट्टी दोन्ही फोनवर हजर झाली.

तेव्हापासून 'अमुक ब्राउझरमध्ये स्क्रोल कळत नाही' अशी तक्रार आली की मी आधी ती पकडणारी ओळ चालवतो. बहुतेक वेळा ब्राउझर निर्दोष सुटतो.

पायरी ६: टक्के आणि तळ

पट्टीसाठी टक्के हवेत. नवा माणूस सरकलेला आकडा पानाच्या पूर्ण उंचीने भागतो आणि पट्टी टोकाला कधी पोचतच नाही. समजा पान ६२०० पिक्सेल उंच आणि खिडकी ८०० ची. शेवटचे ८०० पिक्सेल खिडकीत बसलेले असणारच, ते वर सरकणार नाहीत. सरकायची वाट ५४०० ची. ५४०० ला ६२०० ने भागलं तर जेमतेम ८७ टक्के. वाचक 'समाप्त' वाचतोय आणि पट्टी अजून मागेच. म्हणून:

कॉन्स्ट मूळ = डॉक्युमेंट.स्क्रोलिंगएलिमेंट;
कॉन्स्ट वाट = मूळ.स्क्रोलहाइट - मूळ.क्लायंटहाइट;
लेट टक्के = वाट > ० ? विंडो.स्क्रोलवाय / वाट * १०० : १००;
टक्के = मॅथ.मिन(१००, मॅथ.मॅक्स(०, टक्के));

वाट शून्य आहे का हे विचारणं टाळू नका. एखादी चारोळी पडद्यात पूर्ण मावली तर सरकायला जागाच नसते, शून्याला शून्याने भागलं जातं आणि टक्क्यांच्या जागी 'नॅन' ('हा आकडाच नाही') येऊन बसतो. शेवटची ओळ सफारीसाठी. आयफोनवर पान वरच्या टोकाला असताना आणखी खाली ओढलं तर ते रबरासारखं ताणलं जातं, आणि तेवढा वेळ स्क्रोलवाय उणे येतो. तळाशी ताणलं तर आकडा वाटेपेक्षा मोठा होतो. मिन-मॅक्सची ही कात्री दोन्ही टोकं छाटते. फोनवर पत्त्याची पट्टी मिटली-उघडली की खिडकीची उंचीही थोडी हलते, त्यातून उरलेला किरकोळ फरकही हीच कात्री झाकते.

वाचक तळाशी पोचला का, हे 'स्क्रोलवाय बरोबर वाट' असं विचारू नका. स्क्रोलहाइट आणि क्लायंटहाइट पूर्णांकात येतात, स्क्रोलवाय अपूर्णांकात. ५३९९.६ कधीच ५४०० होणार नाही आणि 'पुढची कथा' उघडणार नाही. वाट वजा स्क्रोलवाय एक किंवा त्याहून कमी आहे का, असं विचारायचं.

आणि वाट एकदा मोजून ठेवू नका, दर वेळी मोजा. मराठी पानांना हे जास्तच लागू. देवनागरीचा वेबफॉन्ट मागाहून उतरतो, तोवर मजकूर फोनमधल्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये मांडलेला असतो. खरा फॉन्ट आला की ओळींची उंची आणि शब्दांची रुंदी दोन्ही बदलतात आणि लांब कथा शेकडो पिक्सेलनी वाढते किंवा आटते. सावकाश लोड होणाऱ्या चित्रांचं तेच. डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी हे प्रॉमिस पुरं झालं, म्हणजे फॉन्ट उतरले, की तपासा एकदा चालवा, आणि रीसाइझ इव्हेंटवरही.

जाता जाता उर्दूसारख्या उजवीकडून सुरू होणाऱ्या पानांबद्दल: तिथे आडवा स्क्रोल शून्यापासून उणे होत जातो. क्रोममध्ये टॅगांच्या स्क्रोललेफ्टचा हिशोब २०२० पर्यंत वेगळा होता, म्हणून जुन्या लायब्ररींमध्ये त्यासाठी वेगळी कसरत दिसते.

पायरी ७: मोजायची खरंच गरज आहे का?

'वर चला' बटणासाठी ४०० हा आकडा मी हवेतून काढला होता. खरं तर मला विचारायचं होतं, शीर्षक पडद्यावरून गेलं का? त्यासाठी इंटरसेक्शनऑब्झर्व्हर आहे. शीर्षकावर एक पहारेकरी बसवायचा; ते दिसेनासं झालं की तो हाक मारतो, दिसायला लागलं की पुन्हा मारतो. मधल्या काळात तुमचा कोड गाढ झोपलेला. कोण सरकतंय याची चौकशीही त्याला बहुधा लागत नाही; विंडो सरको वा बॉडी, शीर्षक नजरेआड झालं की झालं. क्रोममध्ये हा २०१६ पासून आहे, सफारीमध्ये २०१९ पासून. पट्टीला मात्र आकडाच लागतो, तिथे सहावी पायरी चुकत नाही.

तपासणी करताना एक फसगत टाळा. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स टाकून 'तीन ब्राउझरमध्ये पाहिलं' असं म्हणू नका. आतून तिघेही सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालतात. एक आयफोन, एक अँड्रॉइड फोन आणि लॅपटॉपवर फायरफॉक्स एवढे पुरतात. प्रत्येकावर पान मध्यावर नेऊन रिफ्रेश करा, तळाशी नेऊन आणखी ओढा, फोन आडवा करा. संपादकबाईंनी आडव्या फोनवर बटण पाहिलं तेव्हा ते अर्धं कापलेलं होतं, पण तो सीएसएसचा विषय.